आधी आई, मग पिल्लू

पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, टॉय पॉम या छोट्या जातींची मागणी शहरांतील फ्लॅटबरोबर वाढत गेली. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे जाणारा पग झळकला आणि ती जात घरोघर ओळखीची झाली. मागणी वाढली की पुरवणारे निपजतातच. त्यांत ब्रीडर किती आणि दलाल किती, ही चौकशी मात्र फार थोडी गिऱ्हाइके करतात. चौकशीची गरजच नाही असे भासवणारे काही युक्तिवाद या बाजारात रूढ आहेत.

पहिला कागदांचा. ‘केसीआयचे पेपर आहेत’ एवढे ऐकले की किंमत वाढते आणि प्रश्न थांबतात. केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र ही वंशावळीची नोंद आहे. पिल्लाचे पूर्वज कोण हे त्यावरून कळते. आईच्या गुडघ्याची वाटी सरकते का, बापाला चार पावलांत धाप लागते का, हे कळत नाही. वंशावळीचा खरा उपयोग वेगळाच आहे. आईच्या आणि बापाच्या रांगेत तीच नावे पुन्हा पुन्हा आली, तर जवळच्या नात्यातला संकर उघड होतो. कागद वाचायचा तो यासाठी, आणि मायक्रोचिपचा क्रमांक पडताळूनच.

‘कुत्रा लहान, तर दुखणीही लहान’ हा समज याहून घातक. माणसाने निवडीनिवडीने पगचा चेहरा आखूड केला. नाकाघशातले मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. नाकपुड्या चिरेएवढ्या उरल्या, टाळूचा मागचा मऊ भाग श्वासमार्गात लोंबू लागला. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर टाकतो. ती वाटच अरुंद असेल, तर अकोला-नागपूरच्या मे महिन्यात दुपारची एक फेरीही जिवावर बेतू शकते. ब्रिटनच्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठाच्या साथीने २०१९ मध्ये अशा जातींसाठी श्वसनाची प्रतवारी सुरू केली. कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने पळवायचे, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकायचा आणि ० ते ३ अशी श्रेणी द्यायची. तिसऱ्या श्रेणीतल्या जनावराची पैदास करू नये, असा सल्ला असतो. सकाळच्या गारव्यात पिल्लाच्या आईला अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या, तर साध्या गिऱ्हाइकालाही पुष्कळ कळते. ‘पगच तो, घोरणारच’ हे उत्तर ब्रीडरने दिले, तर त्याला जातीचे लक्षण आणि आजार यांतला फरक ठाऊक नाही किंवा सांगायचा नाही.

‘टीकप’ म्हणून विकली जाणारी चिमुकली पिल्ले ही तर स्वतंत्र जातच नाही. कोणताही प्रमुख केनेल क्लब ती मानत नाही. खुरटी पिल्ले निवडून त्यांचीच पैदास केली जाते, किंवा कमी वयाचे पिल्लू मोठ्या वयाचे सांगून विकले जाते. अशा पिल्लांत डोक्याची टाळू न भरणे, दातांची दाटी, काही तास पोट रिकामे राहिले तरी रक्तातली साखर उतरून कोसळणे हे धोके वाढतात. खुरटेपणाला जादा पैसे देणारा बाजार बहुधा हाच एक असावा.

लवकर आणले की लळा लागतो, असे सांगून महिन्याभराची पिल्लेही खपवली जातात. लळ्याची ही घाई दलालाच्या सोयीची आहे. दूध सुटल्यावरचा खर्च, पहिली लस आणि मरतुक हे सारे त्यामुळे गिऱ्हाइकाच्या माथी जाते. पिल्लाचे मात्र नुकसानच होते, कारण चावा किती जोराचा घ्यायचा हे ते त्यापुढच्या आठवड्यांत आई आणि भावंडांकडून शिकते. शिवाय पार्व्हो या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. दुकानात उड्या मारणारे पिल्लू म्हणूनच घरी येऊन आठवड्यात रक्ताच्या हगवणीने दगावू शकते. ‘आमच्याकडे ठणठणीत होते’ हे विकणाऱ्याचे म्हणणे तेव्हा खरेही असते आणि निरुपयोगीही.

म्हणून पारख पिल्लाची नव्हे, त्याच्या आईची आणि तिला सांभाळणाऱ्याची करावी लागते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही आणि १८ महिन्यांखालच्या मादीची वीण घेता येत नाही. अंमलबजावणी ढिली असल्याने हे तपासण्याचे काम गिऱ्हाइकावरच येते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून ‘लूसीज लॉ’ लागू आहे. सहा महिन्यांखालचे पिल्लू तेथे मध्यस्थामार्फत विकता येत नाही; जन्मले त्या जागी, आईसोबतच दाखवावे लागते. लूसी ही वेल्समधील पैदासकेंद्रातून सोडवलेली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल मादी होती. पिंजऱ्यात राहून आणि वेतामागून वेत देऊन तिचे शरीर मोडून गेले होते.

‘घरगुती पिल्ले’ या शब्दानेही भुलू नये. घरच्या मादीला शेजारचा नर लावणाऱ्या घरात माया असते, तपासणी नसते. जबाबदार ब्रीडर एक-दोन जातींपलीकडे जात नाही, मादीची आधीची वेते सांगतो, पशुवैद्यकाचे नाव देतो आणि गिऱ्हाइकालाच उलट विचारतो: घरी दिवसभर कोण असते, पंखा-कूलर आहे का, आधीच्या कुत्र्याचे काय झाले? सांभाळणे जमले नाही, तर कुत्रा कोणत्याही वयात परत घेण्याचे तो लिहून देतो. दलाल हे कधीच लिहून देत नाही.

विकत घेणेच गैर, दत्तकच घ्यावे, असा प्राणिप्रेमींचा आक्षेप आहे. जातीचा आग्रह नसेल त्याने दत्तकच घ्यावे. सोडून दिलेले पगही आश्रयगृहांत सापडतात. पण सगळ्याच ब्रीडरांना एका तागडीत तोलले, तर चाचण्यांवर पैसे घालणारा मागे हटेल आणि मैदान दलालाला मोकळे मिळेल. दयेपोटी दुकानातले मरतुकडे पिल्लू ‘सोडवणारा’ही हेच करतो, कारण रिकामा पिंजरा लगेच भरतो.

छोट्या जातींच्या वेतात पिल्ले मोजकीच असतात, आणि मादीला विश्रांती देणाऱ्याकडे ती वर्षभर नसतात. आज फोन केला आणि उद्या हव्या त्या रंगाचे पिल्लू दारात आले, तर ते पाठवणारा ब्रीडर नव्हे, दुकानदार आहे.