‘शट डाऊन’ म्हणजे ‘बंद पडणे’ नव्हे

आमच्या एडवण गावात ‘शटडाऊन’ हा शब्द इंग्रजी न शिकलेल्यांनाही ठाऊक आहे. विजेच्या तारांवर काम करण्यापूर्वी वायरमन ‘शटडाऊन घेतो’. बोईसरच्या कारखान्यांत देखभालीसाठी ‘शटडाऊन’ असतो. याच किनाऱ्यावर उत्तरेला तारापूर येथे भारताचे पहिले अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथेही अणुभट्ट्यांचे ‘शटडाऊन’ होतात. पण ती बातमी गावात पोचते ‘भट्टी बंद पडली’ अशी, आणि ऐकणारा दचकतो.

इंग्रजीच्या तासाला तुम्ही फ्रेझल व्हर्ब शिकता. ‘शट डाऊन’ आणि ‘ब्रेक डाऊन’ या दोन्हींत ‘डाऊन’ आहे; पण पहिल्यात यंत्र ठरवून थांबवतात, दुसऱ्यात ते बिघडते. मराठीतही हा भेद आहेच: ‘बंद करणे’ आणि ‘बंद पडणे’. योग्य शब्द हाताशी असता चुकीचा का वापरावा?

याच्या उलट गैरसमजही तितकाच घातक आहे. भट्टी बंद केली म्हणजे सारे थांबले, असे नव्हे. नियंत्रक दांडे आत सरकताच विखंडनाची साखळी काही सेकंदांत तुटते. परंतु विखंडनातून आधीच निर्माण झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. समजा, भट्टीत ६०० मेगावॅट उष्णता निर्माण होत होती. बंद केल्या क्षणी त्यातील सुमारे ६ टक्के, म्हणजे ३६ मेगावॅट उष्णता शिल्लक असते. एक दिवसानंतरही सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ३ मेगावॅट उरते. दोन किलोवॅटचे दीड हजार गिझर एकदम लावल्यासारखेच हे झाले! म्हणून बंद भट्टीलाही सतत थंड ठेवावे लागते.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा येथील चालू असलेल्या तीन भट्ट्या सुरक्षायंत्रणेने आपोआप बंद केल्या. सुमारे ५० मिनिटांनी त्सुनामी आली, वीजपुरवठा तुटला आणि भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. भट्ट्या ‘बंद केल्या’ त्यामुळे नव्हे, तर शीतन ‘बंद पडले’ म्हणून अनर्थ ओढवला. दोन क्रियापदांतील अंतर ते एवढे!

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे, की अशा क्रियापदाचा अर्थ फळ्यावर लिहून थांबू नका. आणि मित्रहो, पुढच्या वेळी ‘बंद’ हा शब्द ऐकलात, की तीन प्रश्न विचारा: बंद केले की बंद पडले? कशासाठी? आणि बंद झाल्यावरही काय चालूच राहिले? हे प्रश्न विचारणारा अफवेने घाबरणार नाही आणि खऱ्या धोक्याकडे डोळेझाकही करणार नाही.