पाते तेच, मूठ नवी

मजहब बदलला की बापजाद्यांचा हुनरही टाकून द्यावा, असा हट्ट धरणाऱ्यांनी एकदा मलायी केरिस नीट पाहावी.

केरिस म्हणजे मलाया आणि जावामधली मानाची कट्यार. लग्नात ती नवरदेवाच्या कमरेला असते, राज्यारोहणात राजाच्या हाती. तिचे मूळ इस्लामपूर्व आहे, हे लपवण्याचे कारण नाही. मध्य जावातील सुकुह मंदिरात पंधराव्या शतकातले एक शिल्प आहे. भीम पाते घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मधे गणेश आहे!

पुढे या मुलखाने कलमा पढला. म्हणून भट्टी विझली का? लोखंड आणि निकेलयुक्त लोखंड यांचे थर तापवून, ठोकून, घडी घालून एकजीव करणे लोहाराने सोडले नाही. घडलेल्या पात्याला लिंबाचा रस आणि सोमल लावला की लोखंड काळवंडते, निकेल चमकत राहते आणि नक्षी उमटते. तिला ‘पामोर’ म्हणतात. नागमोडी पात्याची वळणेही पूर्वीसारखी विषम संख्येतच राहिली.

बदलली ती मूठ. तिच्यावरची आकृती आकसत गेली, नाक-डोळे वेलबुट्टीत विरघळले. उरला तो अंग चोरून वाकलेला एक आकार. मलायी माणूस त्याला ‘जावा देमाम’ म्हणतो, म्हणजे तापाने कुडकुडणारा जावावासी. नव्या श्रद्धेचा मान कारागिराने असा राखला आणि जुनी विद्याही हातची जाऊ दिली नाही.

यावर कोणी म्हणेल, जावात मुहर्रमच्या महिन्यात केरिसला विधिपूर्वक आंघोळ घालतात, पात्यात रूह वसते असे मानतात, त्याचे काय? तसे मानणाऱ्यांशी माझाही वाद आहे. पण तो वाद अंधश्रद्धेशी घाला, लोहाराशी कशाला? डचांविरुद्ध १८२५ ते १८३० लढलेला शहजादा दीपोनगोरो पक्का दीनदार होता. त्याच्या केरिसवर नाग कोरलेला आहे. नेदरलँड्सने ती २०२० मध्ये इंडोनेशियाला परत केली. त्या नागाने त्याचा ईमान डळमळला नव्हता.

दुसरा अपराध राजकारण्यांचा. २००५ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या केरिसला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. त्याच वर्षी मलेशियात अम्नो पक्षाच्या युवा शाखेच्या अधिवेशनात एका मंत्र्याने केरिस उगारली. चिनी आणि भारतीय वंशाचे नागरिक दुखावले. निवडणुकीत फटका बसल्यावर २००८ मध्ये त्याला माफी मागावी लागली.

एकाला केरिसमध्ये फक्त कुफ्र दिसतो, दुसऱ्याला फक्त हत्यार. ती घडवणारे हात दोघांनाही दिसत नाहीत. मजहब की माती, एक काय ते निवडा, असे आपल्यालाही अधूनमधून बजावले जाते. बजावणाऱ्याच्या हाती ही मूठ द्यावी आणि विचारावे, यातले काय तोडून टाकू?