दैनंदिनी कोणाची?

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे नव्या छत्र्या, नवीं दप्तरें व कोऱ्या वेष्टनांचीं पुस्तकें यांबरोबर प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातीं एक छापील दैनंदिनी पडते. पहिल्या पानावर शाळेचें बोधचिन्ह, मग प्रार्थना, नियम, सुट्यांची यादी, आणि त्यापुढें वर्षाचे सारे दिवस ओळीनें आंखलेले. पहिला आठवडाभर तींत सुवाच्य अक्षर दिसतें. श्रावण लागेपर्यंत तें विरळ होतें. आणि दिवाळीच्या सुटीपूर्वीं ती उघडून पाहावी, तर शिक्षकांच्या तांबड्या शाईखेरीज तींत दुसरें कांहीं आढळत नाहीं. 'गृहपाठ अपूर्ण.' 'वही आणली नाहीं.' 'पालकांनीं भेटावें.' यावरून आमचे कित्येक सहकारी असें अनुमान काढितात कीं, हल्लींच्या मुलांस कामाची आंखणी करण्याची आवडच उरलेली नाहीं. आम्हीहि बरींच वर्षें असेंच समजत होतों. परंतु ज्या वहींत आपल्याविरुद्ध तक्रारी लिहिल्या जातात व ज्यांखालीं वडिलांची सही आणावी लागते, त्या वहींत आपल्या मनांतील गोष्ट कोण लिहील?

आमचें मत पालटण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. दहावीच्या वर्गांतील एका मुलीची वही बांकावर राहिली होती. जुन्या वह्यांतील उरलेलीं कोरीं पानें काढून, दोऱ्यानें शिवून, तिनें ती स्वतःच तयार केली होती. वही कोणाची हें पाहण्यासाठीं आम्हीं ती उघडली. मात्र नांव सांपडल्यावरहि वाचीत राहिलों, हा दोष आमचा. (येथें जें लिहीत आहों तें तिची परवानगी घेऊनच.) प्रत्येक पानावर एक आठवडा होता. आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें होतें कीं, पहाटे पांचला उठून दोन तास अभ्यास करावा; प्रभातकाळीं बुद्धि ताजी असते, इत्यादि. तिच्या वहींत साडेपांच ते पावणेसात या घरांत रोज एकच शब्द होता : 'पाणी.' नळाला त्याच वेळीं पाणी येई. नऊ वाजतां 'धाकट्याला बालवाडी.' सायंकाळीं सहा ते साडेसात 'डबे', म्हणजे आईनें केलेले जेवणाचे डबे पोंचविणें. हें सर्व वजा जातां तिचे स्वतःचे असे सकाळचा एक तास व रात्रीचा दीड तास उरत. आणि तेवढ्याभोंवतीं तिनें पेन्सिलीनें चौकट आंखली होती. आमच्या उपदेशांतील पहांट तिच्या घरीं कधीं उगवलीच नव्हती!

नियोजनाविषयीं जें पुष्कळ लिहिलें-बोललें जातें, त्यांत हीच पहिली पायरी बहुधा गाळलेली असते. भिंतीवर रंगीत शाईनें लिहिलेलें वेळापत्रक हें अशा मुलासाठीं असतें, ज्याला भूक लागत नाहीं, ज्याच्या घरीं पाहुणे येत नाहींत व ज्याचा विजेचा दिवा कधीं जात नाहीं. असें वेळापत्रक तिसऱ्या दिवशीं मोडतें, आणि मुलगा मात्र आपणच नालायक आहों असें समजून तें फाडून टाकितो. म्हणून प्रथम आठवडाभर कांहींच न ठरवितां, वेळ कोठें गेला एवढेंच लिहावें, असें आमचें सांगणें आहे. खेळ, झोंप, भ्रमणध्वनीवर गेलेली घटका, सर्व लिहावें. आपला वेळ किती हें समजल्यावांचून तो वांटावयाचा कसा?

त्या वहींत आणखी एक गोष्ट होती. न झालेलें काम ती बाण काढून दुसऱ्या दिवशीं नेत असे. 'भूमिति, समरूपता, सरावसंच 1.3' ही नोंद अशी अकरा दिवस पुढें सरकत गेलेली होती. अकरा बाण, एकाखालीं एक. त्याच अवधींत तिच्या छापील दैनंदिनींत 'गृहपाठ अपूर्ण' असा शेरा तीन वेळां पडला होता, आणि तो देणारे गणिताचे शिक्षक आम्हीच! बाकीचीं कामें वेळेवर उरकणारी मुलगी एकाच कामाशीं अकरा दिवस कां अडते, हा प्रश्न तांबड्या शाईला पडला नाहीं. विचारल्यावर समजलें कीं, धाकटा भाऊ तापानें आजारी असतां ती सहा दिवस शाळेंत आली नव्हती, आणि प्रमाणाचें मूलभूत प्रमेय त्याच दिवसांत शिकवून झालें होतें. मधल्या सुटींत दोन दिवस बसल्यावर अडचण दूर झाली. वही परत देतांना ती आम्हीं वाचल्याचें कबूल केलें, तेव्हां ती नम्रपणें एवढेंच म्हणाली, "सर, ती शाळेची वही नाहीं, माझी आहे."

या वाक्यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. जॉन वेस्ली यांनीं 1725 मध्यें ऑक्सफर्ड येथें रोजनिशी लिहावयास आरंभ केला, व पुढें तर ते तासातासाचा हिशेब ठेवूं लागले. त्यांच्या मंडळीला 'मेथॉडिस्ट' हें नांव थट्टेनें पडलें तें अशाच शिस्तीच्या वागणुकीमुळें. पण ती रोजनिशी त्यांनीं सांकेतिक लिपींत लिहिली. ती दुसऱ्या कोणाला दाखविण्यासाठीं नव्हतीच. बेंजामिन फ्रँकलिन तेरा सद्गुणांची वही ठेवीत. चुकांच्या खुणा खोडून खोडून कागदास भोंकें पडूं लागलीं, तेव्हां त्यांनीं हस्तिदंती पानांची वही घेतली, कीं ओल्या स्पंजानें खुणा पुसतां याव्या. एवढें करूनहि 1784 मध्यें, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, सुव्यवस्था हाच गुण आपणांस सर्वांत कठीण गेला असें ते मोकळेपणानें लिहून गेले. ती वही जर महिनाअखेर कोणी तपासून सही करणार असता, तर तींत इतक्या खुणा पडल्या असत्या असें आम्हांस वाटत नाहीं.

काम किती वेळ घेईल याचा अंदाज तर थोरांचाहि चुकतो. 1994 मध्यें ब्यूलर, ग्रिफिन व रॉस या मानसशास्त्रज्ञांनीं एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस, तो किती दिवसांत पुरा होईल, असें विचारलें. सरासरी उत्तर सुमारें 34 दिवस आलें. प्रत्यक्षांत सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. तेव्हां आपल्या मुलांनीं तासाचें काम धरलें तर वहींत दीड तासाची जागा सोडावी हें बरें. आणि 'इतिहास' असें नुसतें लिहूं नये. इतिहास कोणाचाच कधीं संपलेला नाहीं. 'धडा 4, दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर' असें लिहावें.

भ्रमणध्वनींतच ही सोय असतां कागद कशास, असें मुलें विचारतात, व प्रश्न वाजवी आहे. परीक्षेची तारीख आठवून देण्यास तें यंत्र आमच्याहून विश्वासू आहे हें आम्ही मान्य करितों. परंतु उद्यांचें काम पाहावें म्हणून तें उघडावें, तों तेथें दहा जण हांका मारीत उभे असतात. शिवाय पुष्कळ घरांत तें एकच, व तेंहि वडिलांबरोबर कामावर गेलेलें. चाळीस पानी वहीला विजेची गरज नाहीं. 2018 मध्यें अमेरिकेंतील बेलर विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत 57 तरुणांपैकीं कांहींनीं निजण्यापूर्वीं पांच मिनिटें पुढील दिवसांतील कामें कागदावर लिहिलीं, व इतरांनीं झालेलीं कामें लिहिलीं. पहिल्यांस सुमारें 9 मिनिटें आधीं झोंप लागली. मार्च महिन्यांत ज्या घरीं दहावीचें मूल कूस बदलीत असतें, तेथें या नऊ मिनिटांचें मोल कळेल.

आतां आमच्या व्यवसायबंधूंविषयीं. विद्यार्थ्यांच्या कोऱ्या दैनंदिनीवर रागावणाऱ्या आम्हां शिक्षकांचीं पाठाचीं टांचणें कधीं लिहिलीं जातात? नियमाप्रमाणें पाठापूर्वीं; वस्तुतः पुष्कळदां तपासणीच्या आदल्या रात्रीं, एकाच पेनानें, एका बैठकींत. आम्हींहि तसें केलें आहे. दुसऱ्याच्या नजरेसाठीं लिहिलेली वही खोटी होण्यास वेळ लागत नाहीं, मग लिहिणारा तेरा वर्षांचा असो कीं पंचेचाळीस वर्षांचा.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, शेरे, गैरहजेरी व पालकांची सही यांसाठीं एक निराळें पत्रक असावें. पालकांना माहिती मिळालीच पाहिजे; ती त्यांना पत्रकावरून मिळेल. नियोजनाची वही मात्र साधी असावी, मुलाची असावी, आणि त्यानें बोलाविल्यावांचून कोणीं ती उघडूं नये. शुक्रवारच्या शेवटच्या तासांतील दहा मिनिटें ती लिहिण्यास द्यावी. त्या वेळीं वर्गशिक्षकांनींहि आपली वही काढून लिहीत बसावें, म्हणजे मुलांच्या खांद्यावरून डोकावण्याचा मोह आपोआप टळेल. ही सूचना आम्हीं मुख्याध्यापकांपुढें लेखी मांडली आहे. पुढील वर्षाच्या छापील दैनंदिनीची मागणी मार्चमध्यें छापखान्याकडे जाते. तेव्हां निर्णय त्यापूर्वीं व्हावा अशी विनंति आहे.