दोन मजली मालगाडी दारावरून जाईल, पण आपल्यासाठी थांबेल का?

मुर्धा गावात माझे कपड्याचे लहानसे गोदाम आहे. भिवंडीच्या यंत्रमागावरचे ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतरा येथे पाठवायचे आणि तयार माल परत मागवायचा, हा माझा अनेक वर्षांचा धंदा. एका रमजानच्या तोंडावर परतीचा ट्रक चार दिवस उशिरा आला. ट्रान्स्पोर्टवाल्याने बिल्टी दाखवून हात वर केले. ईदचा बाजार उठून गेला होता. तो माल मी खरेदीपेक्षा कमी भावाने काढला. तेव्हापासून रेल्वेची मालगाडी दिसली की मी थांबून डबे मोजतो.

आपल्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. एका कंटेनरवर दुसरा कंटेनर ठेवून नेण्याची कल्पना अमेरिकेतली. १९७७ मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वेने एसीएफ या वाघिणी बनवणाऱ्या कंपनीबरोबर त्यासाठी प्रयोगाची वाघीण तयार केली. तिचा मधला भाग खोल होता, म्हणजे खालचा कंटेनर रुळाजवळ बसे आणि वरच्याला उंची मिळे. १९८४ पासून तिकडे अशा गाड्या नियमित धावू लागल्या.

आपल्याकडे रूळ रुंद असल्याने खोल वाघिणीची गरज पडली नाही. सपाट वाघिणीवरच दोन कंटेनर चढवले गेले. मार्च २००६ मध्ये जयपूर आणि पिपावाव बंदरादरम्यान अशी पहिली गाडी धावली. ४५ वाघिणींची गाडी एरवी २० फुटी ९० कंटेनर नेते, ती १८० नेऊ लागली. पण ती डिझेलच्या मार्गावर. जिथे डोक्यावर विजेची तार आहे तिथे घोडे अडले, कारण दुसरा मजला तारेला भिडतो.

यावर दोन उपाय झाले. पहिला, तार वर नेणे. जून २०२० मध्ये गुजरातेत पालनपूर-बोटाद मार्गावर ७.५७ मीटर उंच तारेखालून दोन मजली गाडी चालवली गेली. ७ जानेवारी २०२१ रोजी पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाच्या रेवाडी-मदार टप्प्यावर दीड किलोमीटर लांबीची गाडी विजेवर धावली. दुसरा उपाय, कंटेनर बुटका करणे. जुलै २०१८ मध्ये राजकोट विभागातून रेवाडीला बुटक्या कंटेनरची गाडी गेली. उंची ६ फूट ४ इंच. नेहमीचा ८ फूट ६ इंच असतो. दोन बुटके एकावर एक ठेवले की जुन्याच तारेखालून जातात. रेल्वेच्या हिशेबाने जागा सुमारे ६७ टक्के वाढते. त्या वेळी भाड्यातही १७ टक्के सवलत दिली होती. मात्र त्या पहिल्या गाडीत काय होते? एका मोठ्या कारखान्याचे प्लास्टिकचे दाणे.

माझी तक्रार इथेच आहे. प्लास्टिकचा दाणा वजनाने भरतो, आपला कपडा जागेने भरतो. तयार थानांनी कंटेनर छतापर्यंत भरला तरी वजनाची मर्यादा दूर राहते. दोन मजली गाडीत जड कंटेनर खाली आणि हलका वर, असा दस्तूर आहे. म्हणजे वरच्या मजल्याला कपड्यासारखा माल हवाच. तरीही भिवंडीच्या मालकाला कोणी विचारायला आले नाही, आणि खरे सांगायचे तर आपणही गेलो नाही.

पश्चिम मालवाहतूक मार्ग न्हावाशेव्याच्या बंदरातून दादरीपर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटरचा. त्याचा वैतरणा ते बंदर हा १०२ किलोमीटरचा तुकडा सर्वांत मागे राहिला. तो वसई-दिवा लाइनच्या बाजूने, म्हणजे आपल्या भिवंडीच्या उशाला आखलेला आहे. पुढे हाच मार्ग मारवाड जंक्शनवरून जातो, आणि तिथून पाली जवळ! ज्या वाटेने आपला कपडा जातो-येतो, नेमकी तीच वाट. बंदराच्या मालासाठी बांधलेल्या मार्गावर आपल्या मालाला उतारा कुठे मिळणार, हा प्रश्न आज विचारला नाही तर नंतर विचारून फायदा नाही.

एकट्या व्यापाऱ्याकडून पूर्ण कंटेनर भरणे होत नाही. माझ्याकडून तर नाहीच. पाच-सहा जणांनी मिळून एक भरावा, गाठींवर आपापली खूण असावी, भाडे जागेच्या प्रमाणात वाटून घ्यावे. यात भांडणे होतील, हे मला माहीत आहे. कोणाची गाठ ओली निघाली, कोणाची उशिरा आली, तर हिशेब कोणी करायचा? त्यासाठी सर्वांना मान्य असा एक मुनीम लागेल. दारापर्यंतचे काम टेम्पोवाले आणि हमाल यांच्याकडेच राहील. त्यांची रोजी जाणार नाही, फक्त लांबचा ट्रक कमी होईल.

भिवंडीतील आपल्या संघटनांनी रेल्वेकडे लेखी मागणी करावी: आठवड्याचा ठरलेला वार, सुटे सामान एकत्र भरण्याची शेड आणि मारवाडला उतरवण्याची सोय. पहिल्या कंटेनरसाठी माझ्या चाळीस गाठी धरून चला.