वर्णनाचा अधिकार : माओरी भूमी आणि प्रवाशाची नजर

मराठीत प्रवासवर्णनाची समीक्षा दीर्घकाळ एका निकषावर विसंबून राहिली आहे : प्रवासवर्णन म्हणजे प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार. स्थळ हे निमित्त. खरा विषय त्या स्थळाने लेखकाच्या मनात उठवलेले तरंग. माहितीवजा लेखनापासून ललित प्रवासवर्णन वेगळे काढण्यासाठी हा निकष एके काळी उपयोगी पडला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. स्थळ मुके असते आणि प्रवासी आल्यावर त्याला वाचा फुटते, असे ते गृहीतक. न्यूझीलंडच्या उत्तर बेटासारख्या भूमीविषयी लिहिताना ते केवळ अपुरे ठरत नाही, अन्यायकारक ठरते.

कारण ही भूमी आधीच सांगितली गेलेली आहे. बेटाचे माओरी नावच मुळी एक कथन आहे : ते इका-आ-माऊई, म्हणजे माऊईने समुद्रातून ओढून काढलेला मासा. बेटाच्या मध्यभागातील ज्वालामुखींचीही अशीच कथा आहे. ते आरावा नौकेतून आलेला नातोरोइरांगी हा पुरोहित टोंगारिरोच्या माथ्यावर थंडीने गारठून मरू लागला, तेव्हा त्याने हवाईकी या मूळभूमीतील आपल्या बहिणींना हाक मारली. त्यांनी पाठवलेला अग्नी जमिनीखालून आला आणि वाटेत जेथे जेथे वर उफाळला, तेथे तेथे वाफ, उकळता चिखल आणि उष्ण झरे निर्माण झाले. फाकारी बेट, रोटोरुआ, टाउपो, टोंगारिरो असा हा मार्ग आहे. भूशास्त्र ज्याला टाउपो ज्वालामुखी पट्टा म्हणते, तो जवळजवळ हाच. म्हणजे पर्यटकांची बस रोटोरुआहून दक्षिणेकडे निघते तेव्हा ती एका कथनाच्या अंगावरूनच धावत असते. प्रवाशाला मात्र खिडकीतून दिसतो तो केवळ ‘निसर्ग’.

या दृष्टीची एक ठरीव मांडणी आहे. दिवसा गरम पाण्याचे फवारे आणि गंधकाचा वास. संध्याकाळी हाका नृत्य आणि जमिनीखालच्या भट्टीत शिजवलेले हांगीचे जेवण. निसर्गाचे एक प्रकरण, संस्कृतीचे दुसरे. निसर्ग भव्य, संस्कृती रंगतदार. या दोन प्रकरणांमधली भिंत कोणी घातली, हा प्रश्न प्रवासवर्णनात उपस्थित होत नाही. आणि समीक्षकही शैलीची चिकित्सा करून थांबतो. ज्या समाजात माणूस स्वतःची ओळख सांगताना आधी आपला पर्वत आणि आपली नदी सांगतो, ज्याच्या वंशावळीत – माओरी भाषेत फाकापापा – डोंगर आणि माणसे एकाच ओळीत येतात, तेथे ही भिंत बाहेरून आणलेली आहे, एवढे तरी लक्षात यायला हरकत नसावी.

या भिंतीला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात रोटोमाहाना सरोवराकाठच्या गुलाबी आणि पांढऱ्या सिलिकाच्या पायऱ्या पाहायला युरोपातून लोक येत. अँथनी ट्रोलप १८७२ मध्ये तेथे होता; फ्राउडने १८८५ मध्ये भेट दिली आणि त्याचे ‘ओशियाना’ पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ते वैरोआ या गावातून तेथे जावे लागे, आणि ही वाट तुहोउरांगी या माओरी समूहाच्या ताब्यात होती. वाटाडे त्यांचे, नावा त्यांच्या, दरही त्यांनीच ठरवलेले. चित्र किंवा छायाचित्र काढायचे असल्यास वेगळी रक्कम मोजावी लागे. पाहण्याला किंमत असते हे तुहोउरांगींनी पाश्चात्त्य सिद्धांतकारांच्या शंभर वर्षे आधी ओळखले होते. त्यांच्या हिनेमिही या सभागृहातील कोरीव पूर्वजांच्या डोळ्यांत परंपरेने बसवायच्या पाउआ शिंपल्याऐवजी सोन्याची नाणी बसवली होती, असे सांगितले जाते.

शुद्धतावादी वाचक येथे नाक मुरडतो : हे तर बाजारीकरण, अस्सल संस्कृती भ्रष्ट झाली. डीन मॅककॅनेलने १९७३ मध्ये मांडलेली ‘सजवलेल्या अस्सलपणा’ची संकल्पना हाताशी धरून अशा स्थळांचा निकाल लावण्याची आता पद्धतच पडली आहे. पण हा निकाल देणारा कोण? अस्सल माओरी कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार पाहुण्याने स्वतःकडे घेतला, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वजाच्या डोळ्यांत राणीचे नाणे बसवणारा कारागीर परंपरा विसरलेला नव्हता. जो आपल्याकडे पाहायला येतो, त्याच्याकडे आपणही पाहतो, आणि कशाच्या डोळ्यांनी पाहतो तेही त्याला कळू द्यावे, असा अन्वयार्थ या कृतीतून निघू शकतो. तो उपरोधिक आहे, आणि उपरोध हा परिपक्व संस्कृतीचाच गुण होय.

१० जून १८८६ च्या पहाटे तारावेराचा उद्रेक झाला. पायऱ्या गेल्या, ते वैरोआ गाडले गेले, शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत बहुसंख्य माओरी होते. हिनेमिहीत आश्रय घेतलेले लोक वाचले. गाइड सोफिया हिनेरांगीच्या घरात साठाहून अधिक जण वाचले. इंग्रजी प्रवासपरंपरेने शोक केला तो प्रामुख्याने पायऱ्यांचा. ‘जगातील आठवे आश्चर्य’ हरपले म्हणून. पुढे १८९२ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो याने हिनेमिही विकत घेऊन इंग्लंडमधील सरे परगण्यात, आपल्या क्लँडन पार्क येथील बागेत नेऊन उभी केली. हिनेमिही हे एका पूर्वज स्त्रीचे नाव आहे, आणि सभागृह म्हणजे तिचे शरीर. प्रवाशाने परत जाताना सोबत नेलेली ती आठवणवस्तू ठरली. वर्णनही बऱ्याचदा याच पद्धतीने काम करते : वस्तू उचलायची आणि तिची नातीगोती मागे ठेवायची.

भाषांतराच्या पातळीवर हेच पुन्हा घडते. १८८७ मध्ये होरोनुकू ते हेउहेउ याने टोंगारिरोची शिखरे राणीला ‘भेट’ दिली आणि त्यातून राष्ट्रीय उद्यान उभे राहिले, ही कथा प्रवासी पुस्तकांतून उदात्त सुरात सांगितली जाते. वैतांगी न्यायाधिकरणाच्या २०१३ च्या अहवालाने तिचा पाया काढून घेतला. माओरी ‘तुकू’मध्ये देणारा हक्क सोडून बाजूला होत नाही, तो घेणाऱ्याला एका नात्यात, सहभागात ओढून घेतो. १८४० च्या वैतांगी करारातही इंग्रजी संहितेतील सार्वभौमत्व माओरी संहितेत ‘कावानातांगा’ म्हणजे केवळ शासन झाले होते. एका शब्दाच्या भाषांतरावर एक देश उभा आहे; आणि साहित्याचा अभ्यासक प्रवासवर्णनातील उपमांची यादी करीत बसला आहे!

येथे एक आक्षेप संभवतो. प्रवासी हा मानववंशशास्त्रज्ञ नव्हे. पंधरा दिवसांच्या मुक्कामात त्याने एवढे सगळे जाणावे ही अपेक्षा लालित्याचा गळा घोटणारी आहे. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा रोख चुकतो. मागणी अधिक माहितीची नाही. आपण कोठे उभे राहून पाहतो आहोत याची जाणीव लेखनात उतरावी, एवढीच मागणी आहे. मेरी लुईज प्रॅटने ‘इम्पीरियल आइज’मध्ये (१९९२) निरागस पाहणाऱ्याच्या निरागसपणाचीच जी झडती घेतली, ती मराठी समीक्षेला परकी वाटण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिताना त्या देशाची स्तुती करूनही मूळ रहिवाशांवरील अन्याय नोंदवला होता. मराठी प्रवासलेखनाला ही वाट ठाऊक होती. ती व्यक्तिमत्त्वदर्शनाच्या नादात मोडली.

मराठी प्रवाशाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिक खटकते. ज्याच्या मुलखात डोंगर खंडोबाचा असतो आणि नदी माय असते, तो टोंगारिरोपुढे उभा राहून इंग्रज पर्यटकाच्या शब्दकोशातून विशेषणे उचलतो. उलट बाजूचा सापळाही तितकाच खरा : ‘हे अगदी आपल्यासारखेच’ असे म्हणून फाकापापा आपल्या कुळकथेत विरघळवून टाकणे. साधर्म्य सापडले की ऐकणे थांबते. न्यूझीलंडच्या संसदेने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला आणि २०२५ मध्ये तारानाकी पर्वताला कायद्याने व्यक्तित्व दिले. कुकने १७७० मध्ये ठेवलेले एग्मंट हे नावही या पर्वतावरून आता उतरले. यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे लढे आहेत. त्यांना ‘निसर्गपूजा’ म्हणून गोंजारणे हा अपमान होय.

माओरी पक्ष या सगळ्यात निष्कलंक बळी म्हणून उभा करण्याचीही गरज नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी फाकारीचा स्फोट झाला आणि त्या बेटावरील ४७ जणांपैकी २२ जण मृत्यू पावले. तेव्हा तेथील सहली नेणारी मुख्य कंपनी न्गाती आवा या माओरी समूहाच्याच मालकीची होती. आणि स्फोटानंतर त्या समुद्रावर ‘राहुई’ म्हणजे धर्मबंदी घातली तीही न्गाती आवांनीच. व्यापार आणि निषेध एकाच समूहाच्या हातात असू शकतात. गुंतागुंत ही आहे, आणि ती ‘गूढरम्य’ या एका शब्दात मावत नाही.

फाकारेवारेवाची गाइड माकेरेती, पर्यटकांची मॅगी पापाकुरा, पुढे ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकली. तिचे ‘दि ओल्ड-टाइम माओरी’ तिच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १९३८ मध्ये निघाले. ज्या स्त्रीकडे पाहुण्यांनी बोट दाखवून पाहिले, तिनेच आपल्या लोकांविषयीचा ग्रंथ लिहिला. पॅट्रिशिया ग्रेसच्या ‘पोटिकी’ (१९८६) या कादंबरीत किनाऱ्यावर पर्यटनवसाहत उभारू पाहणाऱ्यांशी एका वस्तीचा झगडा आहे. तिच्यात माओरी शब्दांचा कोश दिलेला नाही आणि तिचा शेवट भाषांतराविना माओरीतच होतो. मराठी प्रवासवर्णनांच्या अभ्यासक्रमाशेजारी ही दोन पुस्तके ठेवावीत. आणि पुढील प्रबंधाचा विषय ठरवताना लेखकाच्या निरीक्षणशक्तीऐवजी, त्याला ज्या माणसाने वाट दाखवली त्याचे नाव पुस्तकात कोणत्या पानावर येते, हे आधी पाहावे.