अल्पवयीन बाळंतिणीच्या मनाचे काय?

बाळाचे वजन किती भरले, दूध पुरते का, टाके सुकले का, हे बाळंतिणीला सगळेच विचारतात. "तुला स्वतःला कसे वाटते आहे?" हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. आई सतरा-अठरा वर्षांची असेल, तर या प्रश्नाची गरज सर्वांत जास्त असते.

अशा मुली थोड्या नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली त्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. बीड, परभणीत बालविवाहाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. आईवडील सहा महिने ऊसतोडीला जाणार, वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. तोडणीला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, हेही एक कारण.

या वयात धोका जास्त का?

बाळंतपणानंतर स्त्रीसंप्रेरकांची पातळी काही दिवसांतच एकदम खाली येते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात रडू येणे, चिडचिड होणे हे अनेकींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप थांबते. त्यापुढेही उदासी टिकली, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते. तो आजार आहे.

किशोरवयीन आईच्या बाबतीत यात बऱ्याच गोष्टींची भर पडते. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. शाळा सुटलेली, मैत्रिणी तुटलेल्या, घर नवे, हातात पैसा नाही आणि मूल कधी हवे यात तिचा शब्द नाही. कुठे मारहाणही असते. शिवाय देशात या वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यामुळे थकवा दिसला की रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या जातात आणि मनाची चौकशी होत नाही.

ते दिसते कसे?

"मला नैराश्य आले आहे" असे ती म्हणत नाही. डोके दुखते, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, दूध येत नाही, असे सांगते. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही. बाळाला घ्यावेसे वाटत नाही. घरचे म्हणतात, "आळशी आहे", "दृष्ट लागली", "बाहेरचे काहीतरी आहे". यात महिने जातात. आई आजारी राहिली की बाळाच्या दुधाकडे, लसीकडे दुर्लक्ष होते आणि बाळाची वाढही मागे पडते.

माझे मत

यावर उपाय महागडा नाही. शेजारच्या पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या महिला आरोग्यसेविकांना बोलण्यातून आधार देण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्या घरोघरी जाऊन नैराश्य असलेल्या आयांशी ठरलेल्या पद्धतीने बोलत. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्यांच्यापैकी २३ टक्के आयांना नैराश्य उरले होते. ज्यांना असा आधार नव्हता, त्यांच्यात ते ५३ टक्के होते. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे तर यासाठीचा रस्ता तयार आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले, तर आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. या गृहभेटींमागे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले नवजात बालकांवरचे काम आहे. त्याच भेटीत दोन प्रश्न वाढवावेत: गेले दोन आठवडे मन सारखे उदास वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? सासू समोर असेल तर खरे उत्तर मिळणार नाही, म्हणून मुलीला एकटीला विचारावे. 'हो' म्हणणाऱ्या मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तपासावे. या कामाचा मोबदला आशा ताईला मिळालाच पाहिजे.

दुसरा अडसर भीतीचा. अठराखालील मुलगी गरोदर असल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो. कायद्याचा हेतू योग्य आहे. पण नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने घरचे तिला दवाखान्यात आणत नाहीत, आणलेच तर वय वाढवून सांगतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव डॉक्टरांनी उघड करणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. मूल जन्माला घालणाऱ्या मुलीलाही अशीच गोपनीयता मिळावी, असे मला वाटते. तक्रारीच्या भीतीने तिचे उपचार बुडता कामा नयेत.

घरच्यांनी काय करावे?

- रात्री सलग चार-पाच तास तिला झोपू द्या. वरचे काम वाटून घ्या.
- माहेरी, मैत्रिणींशी बोलू द्या.
- दूध पाजताना चालतील अशी नैराश्याची औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, मनाने बंद करू नका.
- मरणाचे विचार, बाळाला इजा करण्याचे विचार, भास होणे किंवा असंबद्ध बोलणे असेल, तर तिला एकटे सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.
- 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते.

बालविवाह थांबवायलाच हवेत, पण ज्या आज आई झाल्या आहेत त्यांना तोवर थांबायला सांगता येणार नाही. पुढच्या वेळी बाळ बघायला जाल, तेव्हा आधी तिच्याजवळ बसा.