लेंबेला सिलिंडर, जुहूला तिथी

ओहोटीच्या वेळी जुहूच्या ओल्या वाळूवर खाली वाकून पाहिलं, तर साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या दिसतात. एका बारीक भोकाभोवती त्या किरणांसारख्या पसरलेल्या असतात. ही रांगोळी नखाएवढा एक खेकडा काढतो. वाळूचा घास तोंडात घ्यायचा, कणांना चिकटलेलं अन्न काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची, हे त्याचं दिवसभराचं काम. भरती आली की नक्षी पुसली जाते. पाणी उतरलं की तो पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात करतो. भेळ खायला आणि सूर्यास्त बघायला आलेली माणसं या नक्षीवरून चालत जातात आणि तिकडे कुणाचं लक्षही जात नाही.

अगदी हेच बघायला जगभरातले लाखाहून अधिक पाणबुडे दरवर्षी इंडोनेशिया आणि फिलिपिन्सला जातात. वाळू, गाळ, चिखल आणि त्यात राहणारे बोटाएवढे जीव. या प्रकाराला मक डायव्हिंग म्हणतात. पापुआ न्यू गिनीच्या मिल्न बे परिसरात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या बॉब हॅलस्टेड यांनी हे नाव रूढ केलं. रंगीत प्रवाळांच्या भिंती सोडून ते पाहुण्यांना साध्या, करड्या, ओसाड दिसणाऱ्या तळावर घेऊन जात आणि तिथे एकेक चमत्कार दाखवत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, या दोन देशांत मक डायव्हिंगमुळे वर्षाला 15 कोटी डॉलरहून जास्त उलाढाल होते आणि दोन हजारांवर लोकांना रोजगार मिळतो. एवढा पैसा निव्वळ गाळ बघण्यासाठी येतो.

आता मुंबईच्या उपनगरांतही डायव्हिंगचं वेड चांगलंच रुजलं आहे. अंधेरी-बोरिवलीच्या जलतरण तलावांत सिलिंडर पाठीला लावून सराव करणारी तरुण मंडळी दिसतात. मालवण, अंदमान झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लेंबे, अनिलाओ की आणखी कुठे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तरही आहे. पण ज्याच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर समुद्र आहे, त्याने सहलीची तयारी विमानाच्या तिकिटापासून नव्हे, तर ओहोटीच्या वेळेपासून करावी.

आधी ठिकाणं. लेंबे ही इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाजवळची अरुंद सामुद्रधुनी. एका बाजूला बितुंग हे गजबजलेलं मासेमारी बंदर, दुसऱ्या बाजूला लेंबे बेट, आणि मधे ज्वालामुखीच्या राखेची काळी वाळू. हेअरबॉल, नुडी फॉल्स, पोलीस पिअर ही इथल्या जागांची नावं पाणबुड्यांच्या तोंडी असतात. केसाळ फ्रॉगफिश, भडक रंगांची छोटी म्हाकूळ, वेगवेगळ्या प्राण्यांची नक्कल करणारा मिमिक ऑक्टोपस असे सगळे नामांकित एकाच ठिकाणी भेटण्याची शक्यता इथे फार मोठी. मनाडोच्या विमानतळावरून गाडीने तास-दीड तासात पोहोचता येतं.

लेंबेतला एक प्राणी मात्र मराठी माणसाने सवडीने बघावा. तो म्हणजे नारळाच्या करवंट्या वापरणारा ऑक्टोपस. तळाशी पडलेली अर्धी करवंटी तो शोधतो, आत भरलेला गाळ झटकून टाकतो, करवंट्या एकात एक रचून पोटाखाली घेतो आणि हात काठ्यांसारखे ताठ करून वाळूवरून चालू लागतो. चाल अवघडलेली असते, वेग कमी असतो, आणि वाटेत त्या करवंटीचा त्याला काहीच उपयोग नसतो. धोका दिसला की मात्र तो दोन्ही अर्ध्या करवंट्या जुळवून आत बसतो. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी हे वर्तन नोंदवलं, तेव्हा पाठीचा कणा नसलेला प्राणी पुढच्या गरजेसाठी वस्तू सोबत बाळगतो, याची जगभर चर्चा झाली. हीच जात भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रातही राहते.

अनिलाओ हे फिलिपिन्समधलं ठिकाण मनिलापासून रस्त्याने सुमारे तीन तासांवर आहे. समुद्री गोगलगाई, म्हणजे ज्यांना डायव्हर लाडाने ‘नुडी’ म्हणतात त्या, इथे जितक्या प्रकारच्या दिसतात तितक्या क्वचितच कुठे दिसत असतील. रात्री खोल समुद्रावर बोट नेऊन, पाण्यात दिवे सोडून, वर येणारे काचेसारखे पारदर्शक जीव बघण्याचा ब्लॅकवॉटर प्रकारही इथे लोकप्रिय आहे. फिलिपिन्समधलंच दाउइन हे दुमागेते शहराजवळचं काळ्या वाळूचं गाव. समोर अपो बेट आहे, तिथे प्रवाळ आणि कासवं. घरातला एकजण पाण्याखाली जाणारा आणि बाकीचे नुसतेच भिजणारे, अशा कुटुंबाला दाउइन सोयीचं. इंडोनेशियातल्या अंबोनच्या खाडीत विमानतळाजवळच्या लाहा इथे 2008 मध्ये रंगीत पट्ट्यांचा एक फ्रॉगफिश सापडला. पुढच्याच वर्षी त्याला सायकेडेलिका हे शास्त्रीय नाव मिळालं. पण अंबोन दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावं. तिथे जाणं अधिक लांबचं आहे आणि डायव्हिंगच्या सोयी मोजक्या.

ऋतूंचा हिशेब मुंबईकराच्या बाजूने आहे. आपल्याकडे जूनपासून समुद्र खवळतो आणि मालवणचं डायव्हिंग बंद होतं, तेव्हाच जुलै ते सप्टेंबर लेंबेचं पाणी थोडं गार आणि जिवांनी भरलेलं असतं. अनिलाओ नोव्हेंबर ते मे या काळात चांगलं, त्यानंतर वादळांची धास्ती. अंबोनचा पावसाळा साधारण मे ते ऑगस्ट, म्हणून तिथे ऑक्टोबरनंतर जावं. थोडक्यात, श्रावणात लेंबे, दिवाळीच्या सुटीत अंबोन आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अनिलाओ. एकदाच जाणं परवडणार असेल आणि आठ दिवस हाताशी असतील, तर निःसंकोच लेंबे निवडावं. पाचच दिवस असतील तर अनिलाओ.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत, हेही आधीच ठरवलेलं बरं. महागडी खोली नको, चांगला गाइड हवा. तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय काळ्या वाळूवर नवख्याला दिसतच नाही. तिथे वाढलेल्या गाइडला ती दिसते, कारण ती कुठल्या शेवाळावर जगते हे त्याला पाठ असतं. एका गाइडमागे दोन-तीनच पाहुणे असतील का, हे बुकिंगच्या वेळी विचारावं. मक डायव्हिंग उथळ पण लांबलचक असतं, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. माणूस जवळजवळ एकाच जागी थांबतो, त्यामुळे 28 अंशांच्या पाण्यातही थंडी वाजते. पोहण्याच्या सवयीवर विसंबून पातळ पोशाख नेऊ नये. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं. शेवटची डुबकी आणि परतीचं विमान यांत 18 ते 24 तासांचं अंतर ठेवावं. म्हणजे आठ दिवसांच्या सहलीत पाण्याचे दिवस पाच-साडेपाचच उरतात.

सगळ्यात मोठी अडचण असते तरंगण्याची. मालवणला किल्ल्याच्या आसपास इन्स्ट्रक्टरने मागून धरून नेलेली पंधरा-वीस मिनिटांची डुबकी म्हणजे डायव्हिंग शिकणं नव्हे, हे तिथले इन्स्ट्रक्टरही सांगतात. गाळाच्या तळावर ज्याला स्थिर तरंगता येत नाही, त्याच्या पायाच्या एका फटक्याने सगळं गढूळ होतं. मग त्याला काही दिसत नाही आणि मागच्यांनाही नाही. म्हणून क्रम असा असावा. 18 मीटरपर्यंतचा ओपन वॉटर अभ्यासक्रम तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत किंवा अंदमानात स्वराज द्वीपला करावा. मग अंदमानातच वीस-पंचवीस डुबक्या, आणि त्यानंतर लेंबे. हे सगळं एकाच वर्षात बसवण्याची घाई करणारा माणूस लाखभर रुपये मोजून गढूळ पाणी बघून येतो.

आणि डोळ्यांचा सराव? तो मात्र घराजवळच होतो.

मुंबईच्या समुद्रात डायव्हिंग जवळजवळ होत नाही. पाण्यात गाळ फार, सांडपाणीही सोडलेलं, हातभर अंतरावरचं दिसायची पंचाईत. पण इथल्या भरती-ओहोटीतला फरक उधाणाला पाच मीटरच्या आसपास जातो. लेंबेला जे बघायला पाठीवर सिलिंडर घ्यावा लागतो, त्यातलं पुष्कळ इथे समुद्र स्वतः मागे सरून उघडं करून देतो. त्यासाठी तिथी माहीत हवी. कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. रोज भरती दोन घटका पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. त्याच दिवसांत आणि पुढचे दोन दिवस पाणी सर्वांत दूर जातं. अष्टमीच्या भांगाला जाऊन हात हलवत परत यायचं नसेल, तर कालनिर्णय बघून निघावं.

2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाने याच ओहोटीत लोकांना किनाऱ्यावर फिरवायला सुरुवात केली. प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी उभ्या केलेल्या या कामातून जुहू, कार्टर रोड, हाजी अली, गिरगाव इथल्या शेकडो जिवांची छायाचित्रांसह नोंद झाली आहे. त्यात समुद्री गोगलगाई आहेत, ऑक्टोपस आहेत, अंगावर कचरा आणि शेवाळ चिकटवून लपणारे खेकडे आहेत. जुहूच्या वाळूवर कधीकधी रबरी कॉलरसारखी वर्तुळाकार पट्टी पडलेली दिसते. लोक ती प्लास्टिक समजून बाजूला करतात. ती चंद्रशंखाची अंडी असतात, वाळूच्या कणांत चिकट द्रव मिसळून शंखाने घडवलेली. ही पट्टी ज्याला एकदा ओळखता आली, त्याला लेंबेच्या काळ्या वाळूवर काय शोधायचं हे निम्मं कळलेलं असतं.

मुलुंड-घाटकोपरच्या लोकांनी जुहू लांब आहे म्हणून हात झटकायचं कारण नाही. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की पलीकडेच वन विभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. खाली ठाणे खाडीचा चिखल आहे. 2015 मध्ये या खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर पाणथळांच्या यादीत आली. हजारो फ्लेमिंगो इथे येतात ते चिखलातल्या सूक्ष्म शेवाळासाठी. त्याच चिखलावर निवट्या उड्या मारतात, मासा असून ओल्या त्वचेने हवेतला प्राणवायू घेतात. निवट्यांच्या बिळांच्या तोंडाशी तासभर शांत बसता आलं, तर मक डायव्हिंगला लागणारा संयम आहे की नाही, याची परीक्षा फुकटात होते.

किनाऱ्यावर जाताना नियम पाण्याखालचेच. हात लावायचा नाही, दगड उलटा करून तसाच सोडायचा नाही, शंकूच्या आकाराचा शंख तर मुळीच उचलायचा नाही, कारण त्यातल्या गोगलगाईचा डंख विषारी असतो. फोटोच्या नादात प्राण्याला काडीने ढोसणं ही लेंबेतलीही मोठी तक्रार आहे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशपेक्षा हाताळण्याचाच त्रास माशांना जास्त होतो, हे संशोधनातही दिसलं आहे.

लेंबे आणि जुहू यांत खरा फरक पाण्याचा नाही, मोजदादीचा आहे. बितुंगच्या बंदरातही कचरा पडतो, बाटल्यांत ऑक्टोपस राहतात. पण तिथला गाळ माणसांना जेवू घालतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो जपायला माणसं उभी राहतात. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा इथे प्रवाळ आहेत हेच अनेकांना पहिल्यांदा कळलं. आता वांद्र्यापासून वर्सोवा आणि पुढे दहिसरकडे रस्त्यांची कामं येत आहेत. त्या वाटेवरच्या वाळूत, खडपांत आणि खाजणांत काय राहतं, याची नोंद काम सुरू होण्याआधी व्हायला हवी, आणि ती करताना दांड्याच्या, जुहूच्या, वर्सोव्याच्या कोळणींना विचारायला हवं. ओहोटीला कालवं फोडायला खडकांवर बसणाऱ्या या बायकांना कुठल्या कपारीत काय असतं ते कुणाही पाहुण्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. लेंबेचे अनेक गाइडही त्यांच्यासारख्याच मासेमार घरांतले. दांड्याच्या मुलींना गाइडचं प्रशिक्षण देऊन त्या कामाचं मानधन मिळवून देणं महापालिकेला किंवा पर्यटन खात्याला अवघड नाही.

पावसाळा आला की साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका जाहीर करते आणि वर्तमानपत्रं त्या चौकटीत छापतात. ते हवंच. त्याच चौकटीत ऑक्टोबर ते मे या काळातल्या मोठ्या ओहोटीच्या तारखा आणि वेळाही छापाव्यात. अंधेरीच्या एखाद्या घरात रविवारी सकाळी चहाबरोबर ती चौकट वाचली जाईल, आणि त्या संध्याकाळी मुलं आईबाबांचा हात धरून जुहूच्या ओल्या वाळूवर खाली वाकून बसतील.